कारण : विवाह

लातूर,
१८ ऑगस्ट २०२५

शिवकन्या,

पत्राच्या वर देवाचं नाव घालायचं धाडस झालं नाही, म्हणून सरळ तुझ्या नावानंच सुरू करते. फाडणार असशील तर खुशाल फाड, पण आधी वाच. फोन तर तू उचलत नाहीस. उचलत नाहीस कसलं, माझा नंबरच बंद करून ठेवलायस. सहा वर्षं मी दर संक्रांतीला, दर दिवाळीला फोन लावते आणि ती बाई सांगते, संपर्क होऊ शकत नाही. मला ते आता पाठ झालंय.

पत्ता मेसच्या सरजाबाईनं दिला. तिची भाची किनवटला तुमच्याच आश्रमशाळेत स्वयंपाकाला आहे म्हणे. "अक्का, आपली शिवकन्या तिथं विज्ञान शिकवती, पोरं लई भितेत तिला," असं सांगत आली. मला बरं वाटलं. भीत असतील तर शिकतील तरी.

मी अजून मुलींच्या वसतिगृहावरच आहे. मार्चअखेर सुटेन. गुडघे कामातून गेलेत, वरच्या मजल्यावर आठवड्यातून एकदा चढते. बाकीचे दिवस खालूनच ओरडते. आताच्या पोरी ओरडण्याला भीक घालत नाहीत, "हो अक्का, हो अक्का" म्हणतात आणि करायचं तेच करतात. मी लई थकलेय गं. पण ते रडगाणं गायला पत्र लिहिलेलं नाही.

कामाचं ऐक. अयोध्या नावाची पोरगी आहे, बिलोलीकडची. आईबाप मजुरीला जातात. केमिस्ट्रीत पीएच.डी. करते आणि गाइड आहेत महांतेश सर. पुढचं तुला सांगायला नको. तेच सगळं. रविवारी लॅबला ये. मॅडम माहेरी गेल्यात, घरी येऊन चॅप्टर दाखव. नाही आलीस तर सहामाही अहवालावर सही मिळणार नाही. पण ही पोरगी तुझ्यासारखी माझ्याकडं आली नाही. सरळ तक्रार समितीकडं गेली, लेखी दिलं, पोच घेतली आणि मग माझ्या दारात येऊन म्हणाली, "अक्का, मी दिलंय." खोटं कशाला सांगू, मला रागच आला. रेक्टरला न विचारता?

अर्जात तिनं लिहिलंय की या सरांमुळं आधीही एका मुलीला जावं लागलं. वसतिगृहात कुजबुज राहतेच, भिंतींना कान असतात. सरांचं उत्तर असं की बावीस वर्षांत माझ्यावर एक तक्रार नाही, आणि ती मुलगी तर लग्नासाठी गेली, वसतिगृहाचं रजिस्टर काढून बघा. समितीनं रजिस्टर मागवलं. मी दिलं. ११ फेब्रुवारी २०१९. नाव तुझं. वसतिगृह सोडण्याचं कारण : विवाह. अक्षर माझं.

तर तू समितीला चार ओळी लिहून पाठव, की मी लग्नासाठी गेले नव्हते. एवढंच. नाहीतर अयोध्या खोटी ठरेल आणि ज्या दिवशी ती खोटी ठरेल त्या दिवशी तिचं शिक्षण संपलं. सर काय तिला सही देणार आहेत? या गोष्टी अशा पत्रातून लिहायच्या नसतात, गुप्त ठेवायच्या असतात, नियम मलाही ठाऊक आहे. पण तीच म्हणाली, ताईला माझं नाव कळवा, माझी हरकत नाही.

तुझ्या मनात माझ्याबद्दल अढी आहे, असू दे. तुझा अर्ज मी तेव्हाच वर दिला होता, वर त्याचं काय झालं ते वरच्यांना विचार. लग्नाची नोंद केली ती तुझ्याच भल्यासाठी, पोरींच्या तोंडाला कुलूप बसावं म्हणून. आणि तुला मी ओटी भरून पाठवलं, लेकीसारखं. किती पोरींना पाठवलं मी तसं?

अक्का


लातूर,
४ सप्टेंबर २०२५

शिवकन्या,

पाकीट परत आलं. पोस्टमननं लाल पेनानं लिहिलंय, घेण्यास नकार. त्यानं ते माझ्या हातात देताना असं बघितलं की जणू मीच काही चोरी केली आहे. केली तर आहेच म्हणा.

सरजाबाईची भाची महालक्ष्म्यांना आली होती, उद्या परत किनवटला निघाली आहे. तिच्या पिशवीत दोन्ही पत्रं घालून देते. तिला सांगितलंय, हातात दे आणि तिथून निघून ये, उभी राहू नकोस. तुझा राग त्या बिचारीवर नको.

२९ तारखेला समितीनं मला बोलावलं. अध्यक्ष मॅडम, दोन प्राध्यापक, एक विद्यार्थिनी आणि बाहेरच्या सदस्य म्हणून नांदेडच्या एक वकीलबाई. या वकीलबाई कमी बोलतात, चष्म्यावरून बघत राहतात. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं.

"ही नोंद तुमची?"

"हो."

"खरी आहे?"

मी म्हटलं, सहा वर्षं झाली, आठवत नाही.

एवढंच बोलून आले मी. बाहेर बाकावर अयोध्या बसली होती, तिनं विचारलं, "अक्का, सांगितलंत ना?" आणि मी हो म्हणून मान हलवली. महालक्ष्म्यांना घरी पुरणाचा स्वयंपाक होता, मला घास गिळेना. जाऊबाई म्हणाली, पित्त झालं असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझ्या मुठीत काय आहे ते मलाच माहीत.

तर आता ऐक. तुझा अर्ज मी वर दिला असं पहिल्या पत्रात लिहिलंय, ते खोटं आहे. अर्ज माझ्या टेबलापुढं गेलाच नाही.

तू रविवारी संध्याकाळी आलीस, दोन पानं लिहून. खाली तारीख, सही, सगळं नीट. मी वाचलं आणि घाबरले. तुझ्यासाठी घाबरले असं म्हणायला आवडलं असतं. पण मला आधी सुचलं ते हे, की महांतेश सर आपल्यातले, त्यांच्या मॅडम माझ्या माहेरच्या गावच्या, मठात दर श्रावणात आम्ही एका पंगतीला बसतो, आणि हे बाहेर पडलं तर लोक म्हणतील वसतिगृहावर बाईचं लक्ष नव्हतं. मग सुचलं की पोरगी चोवीस वर्षांची, उद्या हिला कोण करून घेईल. मग मी तेच केलं जे इथं आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं केलं. बापाला फोन लावला.

रेवणसिद्धअप्पा सोमवारी पहिल्या गाडीनं रेणापूरहून आले. दुकान उघडं टाकून आले होते. अर्ज वाचला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. "हे माझ्यापाशी राहू द्या अक्का," म्हणाले. मी राहू दिलं. वर त्यांना शहाणपण शिकवलं, की गाजावाजा नको, पोरींना मी सांभाळते.

आणि मग पोरींना मी सांगितलं, शिवकन्याचं लग्न ठरलंय. नुसतं सांगून पटणार नाही म्हणून ओटी भरली. कुमारिकेची ओटी कोण भरतं? लग्न ठरलेल्या मुलीची भरतात, हे लहान पोरीला पण कळतं, म्हणूनच भरली. कपाटातला खण काढला, नारळ, तांदूळ, हळकुंड. माझ्या मनाला वाटलं, बदनाम होऊन जाण्यापेक्षा मानानं जाईल. पोरी जमल्या, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. तेवढं माझ्या डोक्यात आलं नाही, की फोटो म्हणजे काय. दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या स्टेटसला. तुम्ही बापलेक रेणापूरच्या स्टँडवर उतरायच्या आधी तुझ्या आत्याचा फोन अप्पांना आला होता, "दादा, आम्हाला न विचारता दिली का? कोणत्या गावाला दिली?"

हे मला नंतर कळलं. अप्पांनी एकाला सांगितलं उदगीर, दुसऱ्याला सांगितलं अजून बोलणी चालू आहेत. ओटी भरलेली पोरगी घरात, आणि जावई कुठंच नाही. खोटं पडू नये म्हणून त्या माणसानं तीन आठवड्यांत नवरा शोधला. पोराची चौकशी करायला तरी वेळ होता का त्यांना? तू अडीच वर्षांनी त्या घरातून कशी बाहेर पडलीस ते मला सरजाबाईनं सांगितलं. पुढचं मी तिला विचारलं नाही. ऐकवत नव्हतं.

मी तुझं लग्न लावलं गं. रजिस्टरमध्ये एक शब्द लिहून लावलं.

आता तूच ठरव. अर्ज नाही, कागद नाही. जे आहे ते तुझ्या तोंडात आणि माझ्या.

नीलम्मा


लातूर,
२३ सप्टेंबर २०२५

शिवकन्या,

तुझं कार्ड मिळालं. "पत्रं वाचली. पुन्हा पाठवू नका." सहा वर्षांनी पाच शब्द ओळखीच्या अक्षरात बघितले, तर आधी आनंदच झाला मला, मग अर्थ कळला. तरी पाठवते. हे एक. उद्धट म्हण हवं तर.

परवा अयोध्याचे वडील आले, अर्जुनराव. तिकडं पुराचं पाणी, रस्ता बंद, तरी कुठून कुठून फिरून आला माणूस. गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांना कोणीतरी फोन केलेला, नाव न सांगता, की तुमची पोरगी कॉलेजात नाही ते धंदे करून राहिली, येऊन घेऊन जा. यावेळी फोन मी केला नव्हता. पण ज्यानं केला त्यानं युक्ती माझीच वापरली.

ते व्हरांड्यात उभेच राहिले, खुर्चीवर बसेनात. "मॅडम, पोरगी न्यायला आलोय. अब्रूपुढं डॉक्टरी मोठी न्हाई."

अयोध्या जिन्यात उभी होती, रडत नव्हती, नुसती दात आवळून. आणि माझ्या तोंडावर आलंच होतं बघ, जीभ वळलीच होती, "घेऊन जा दादा, काही दिवस राहू दे घरी, प्रकरण थंड होऊ दे." तीस वर्षांची सवय आहे ती. ते सगळ्यात सोपं असतं. पोरगी गेली की खोली रिकामी, डोक्याला ताप नाही.

सरजाबाईला चहा ठेवायला सांगितलं आणि त्यांना म्हटलं, बसा, एक सांगते. मग तुझं सगळं सांगितलं. नाव, गाव सांगितलं नाही. अर्ज, फोन, बाप, ओटी, सगळं सांगितलं. चहा गार झाला. त्यांनी विचारलं, "मंग त्या पोरीचं काय झालं?"

मी सांगितलं.

"आन ती आता येऊन का सांगत न्हाई?"

"सांगत होती तेव्हा मीच तोंड दाबलं तिचं. आता कोणत्या तोंडानं ये म्हणू?"

ते उठून जिन्यापाशी गेले, पोरीला म्हणाले, "तू राहा. पण मला दर रोज फोन कर." आणि तसेच परत गेले, जेवले पण नाहीत. सरजाबाईनं भाकरी बांधून दिली, ती तेवढी घेतली.

कालच्या घटस्थापनेला महांतेश सर स्वतः आले होते. कधी वसतिगृहाची पायरी चढले नाहीत, काल प्रसाद घेऊन आले. "अक्का, तुम्ही मार्चला सुटताय. आता कशाला अंगाला लावून घेताय? रजिस्टरमध्ये जे आहे ते आहे. ते बदललंत तर तुम्हीच खोटी नोंद केली असं होईल. आपण एका मठाची माणसं, मला तुमची काळजी वाटते."

त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, म्हणून भीती वाटली. खोटी नोंद मीच केली. माझ्यावर शेकणार आहे, आणि मार्चच्या निरोपाला लोक माझ्याबद्दल काय बोलतील ते मला आताच ऐकू येतंय. जाऊबाई म्हणते, इतकी वर्षं गप्प बसलात, आता सहा महिने जड झाले का? झाले बाई. लई जड झाले.

सहा ऑक्टोबरला मी पुन्हा वेळ मागून घेतली आहे. आठवतं, असं सांगणार आहे. तू लिही किंवा लिहू नकोस, आता मी तुला त्यासाठी विचारत नाही. हे फक्त तुला माहीत असावं म्हणून.

नीलम्मा


लातूर,
१८ ऑक्टोबर २०२५

शिवकन्या,

हे शेवटचं.

सहा तारखेला मी गेले आणि बोलले. नोंद खोटी आहे, मीच केली, मुलीनं लेखी तक्रार दिली होती, मी ती बापाच्या हातात दिली. एका दमात बोलले. सर समोरच बसले होते, त्यांनी प्रश्न लिहून दिले होते, ते अध्यक्ष मॅडमनी वाचले. तक्रारीची प्रत आहे का? नाही. साक्षीदार? नाही. सहा वर्षं गप्प का बसलात? माझ्याच अक्षरातला कागद एकीकडं आणि माझंच तोंड दुसरीकडं, आणि कागद जुना. एक प्राध्यापक तर म्हणालेच, "बाई, तुमचं कोणतं खरं मानायचं? ऑगस्टमधलं की आजचं?"

मला वाटलं, झालं, संपलं. अयोध्या गेली.

तेव्हा वकीलबाईंनी फाइलमधून पाकीट काढलं. किनवटचा शिक्का. तुझं अक्षर मी लांबून ओळखलं. तुझा जबाब माझ्या आधी दोन दिवस येऊन पडला होता, आणि त्यांनी मुद्दाम मला सांगितलं नव्हतं, मी काय बोलते ते बघायला.

"आम्ही हा वाचतो. जे खरं नाही तिथं थांबवा," म्हणाल्या.

चार पानं. सरांबद्दल अर्धं पान. तारीख, वार, खोली, काय बोलले, काय केलं. बाकीची साडेतीन पानं माझ्याबद्दल.

तू लिहिलंयस की अर्ज देण्याआधी तू तीन वेळा माझ्याकडं आली होतीस, तोंडी सांगायला. पहिल्यांदा मी म्हटलं, ओढणी नीट घेत जा. दुसऱ्यांदा म्हटलं, लॅबचं दार उघडं ठेवून बस. तिसऱ्यांदा मी टीव्हीचा आवाज कमी केला नाही. एवढ्या पत्रांत मी हे तुला लिहिलं नाही. कबुली देत होते ना मी, मोठी कबुली, आणि त्यातून हे तेवढं वगळत होते.

मग ओटीचं आलं. मला वाटलं होतं, ते तरी मी पूर्ण सांगितलंय. वकीलबाई वाचत होत्या, आवाज एकसुरी. मी वाकून ओटीत नारळ घालत होते तेव्हा तू माझ्या कानाशी म्हणालीस, "अक्का, मला पाठवू नका. मी खोलीत गप्प राहीन. अर्ज परत घेते, पण मला पाठवू नका." आणि मी नारळ तुझ्या पदरात दाबून बसवला आणि म्हटलं, "हस. फोटो काढतायत."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "हे खरं आहे?"

खोलीत सगळे बघत होते. सर पण बघत होते, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. कारण मी नाही म्हटलं असतं तर तुझी चारही पानं पोकळ ठरली असती, आणि हो म्हटलं तर सरांचं अर्धं पान पण खरं. हे त्यांना माझ्या आधी कळलं.

मी म्हटलं, "खरं आहे. शब्द न् शब्द. आणि ती हसली."

अहवाल आला. अयोध्याची तक्रार मान्य झाली. सरांचं गाइडपद काढलंय, निलंबनाची शिफारस वर गेली आहे, तिला दुसऱ्या मॅडमकडं दिलंय. अहवालात लिहिलंय म्हणे, एकमेकींना न भेटलेल्या दोघींचे स्वतंत्र जबाब जुळले, आणि त्यातला एक देणारीच्याच विरुद्ध होता. अयोध्यानं मला सांगितलं. आज ती बिलोलीला गेली दिवाळीला, अर्धं सामान खोलीतच ठेवून.

माझी चौकशी लागली आहे. वसतिगृह काढून घेतलं, आता मी ऑफिसात एका खुर्चीवर बसते, कोणी काम देत नाही. मठातल्या बायका बोलत नाहीत. सरजाबाई तेवढी चहा आणून देते. होऊ दे. मला झोप लागते हल्ली, हे लाजेनं सांगते.

माफी मागत नाही. मागितली की द्यायची का नाही हे तुला ठरवत बसावं लागेल, आणि मी तुला आयुष्यात पुष्कळ कामाला लावलंय.

नीलम्मा